स्क्रबर फ्लड होतोय की चोंदलाय? पॅक्ड कॉलमचा प्रेशर ड्रॉप वाचायची रीत

रबाळे, महापे, तळोजा, अंबरनाथ या पट्ट्यातल्या कुठल्याही केमिकल प्लांटच्या मागच्या बाजूला गेलात, की एफआरपीचा (फायबरग्लास) किंवा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन) एक उभा पिंप, म्हणजे कॉलम दिसतो. खाली टाकी, शेजारी घरघरणारा पंप, वर ब्लोअर आणि चिमणी. तो स्क्रबर, प्लांटमधला धूर द्रवाने धुऊन काढणारं यंत्र. चालतोय तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रिॲक्टरपाशी डोळे चुरचुरायला लागले, की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते. मग फोन येतो, "साहेब, कॉलम फ्लड होतोय. मोठा कॉलम लागेल का?"

या फोनला माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. आधी आकडे द्या: कॉलमचा प्रेशर ड्रॉप किती, तो कधीपासून वाढला, आणि नवीन असताना किती होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ ठिकाणी मिळत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. फ्लडिंग हे एका रात्रीत येणारं संकट नसतं. कॉलम आठवडेच्या आठवडे मॅनोमीटरवर ते सांगत असतो, पण कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

हा लेख शिफ्ट इंजिनिअर, मेंटेनन्सवाले आणि नुकतेच प्लांटवर रुजू झालेले यांच्यासाठी आहे. सूत्रं लागतील तेवढीच दिली आहेत.

आत नेमकं काय चालतं

पॅक्ड कॉलममध्ये गॅस खालून वर जातो आणि द्रव वरून खाली येतो. दोघांना वाट एकच: पॅकिंगमधल्या, म्हणजे कॉलममध्ये भरलेल्या छोट्या रिंगांमधल्या पोकळ्या. द्रव रिंगांच्या अंगावरून पातळ थराने ओघळतो, उरलेल्या जागेतून गॅस वाट काढतो. त्या वाटेत त्याचा जो दाब खर्च होतो तो प्रेशर ड्रॉप. ब्लोअरला तो भरून द्यावा लागतो.

गॅस थोडा असतो तेव्हा दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. वेग दुप्पट केला तर ड्रॉप साधारण चौपट होतो. गॅस आणखी वाढवला की एका टप्प्यावर तो ओघळणाऱ्या द्रवाला थोपवू लागतो. रिंगांवर द्रवाचा साठा वाढतो, गॅसची वाट अरुंद होते, ड्रॉप चौपटीच्या हिशेबापेक्षा जास्त चढतो. हा लोडिंगचा टप्पा. त्याहून पुढे गेलं की द्रव खाली उतरेनासाच होतो. पॅकिंगवर पाणी तुंबतं, त्यातून गॅस बुडबुडत वर येतो, मॅनोमीटरचं पाणी वरखाली उड्या मारतं, आणि शेवटी चिमणीतून पाण्याचे शिंतोडे उडतात. हे फ्लडिंग.

माटुंग्याला शिकत असताना (संस्थेचं नाव बदललं तरी आमच्या पिढीला ती यूडीसीटीच) काचेच्या कॉलममध्ये हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आधी काहीच होत नाही, होत नाही, आणि मग व्हॉल्व्ह अर्धा फेरा फिरवला की सगळा कॉलम पाण्याने भरून येतो. पहिल्या पावसात हिंदमाताला पाणी भरतं तसंच. पाऊस थोडाच वाढलेला असतो, पण निचऱ्याची मर्यादा ओलांडलेली असते. संधी मिळाली तर काचेच्या कॉलमवर हे एकदा जरूर बघा. प्लांटवरचा कॉलम अपारदर्शक असतो, पण त्यानंतर तो मनातल्या मनात दिसायला लागतो.

पायरी पहिली: मोजमाप नीट करा

हे साधं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. महागडा ट्रान्समीटर नसला तरी चालेल. पारदर्शक नळीचा यू-ट्यूब मॅनोमीटर, त्यात रंगीत पाणी आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी एवढं पुरतं. एक मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल. स्क्रबरच्या कामात सगळे मिमी पाण्यातच बोलतात, मीही तेच वापरतो.

टॅपिंग (मॅनोमीटरची नळी जोडायचं भोक) कुठे घेता ते महत्त्वाचं. खालचं टॅपिंग पॅकिंग ज्यावर टेकतं त्या सपोर्टखाली, पण टाकीतल्या पातळीच्या आणि गॅसच्या तोंडाच्या वर हवं. वरचं टॅपिंग पॅकिंगच्या वर आणि डेमिस्टरच्या (थेंब अडवणाऱ्या जाळीच्या) खाली. डेमिस्टरच्या वर तिसरं टॅपिंग अवश्य घ्या. बहुतेक ठिकाणी ब्लोअरच्या सक्शनला एकच गेज असतं आणि त्यावरचा आकडा 'कॉलमचा ड्रॉप' म्हणून लॉगशीटवर जातो. त्यात डक्ट, पॅकिंग, डेमिस्टर सगळ्यांची खिचडी असते. डेमिस्टरची जाळी क्षारांनी भरली तरी त्या गेजवर तो कॉलमच फ्लड झाल्यासारखा दिसतो. तिसऱ्या टॅपिंगला खर्च एका निपलचा येतो, आणि त्याने कैक खेपा वाचतात.

टॅपिंगच्या नळ्या कॉलमकडे उतरत्या ठेवा. नळीत झोल राहिला की ओल्या गॅसमधलं पाणी तिथे थांबतं, आणि वीस-तीस मिमीचा खोटा आकडा दिसतो. महिन्यातून एकदा नळी काढून फुंकून बघा. आकडा संशयास्पद वाटला तर आधी नळी तपासायची आणि मगच कॉलमवर शंका घ्यायची.

गॅसचा फ्लो मोजल्याशिवाय नुसत्या ड्रॉपला अर्थ नाही. कॉलम चोंदला की ब्लोअर कमी गॅस ओढतो, त्यामुळे ड्रॉप वाढायला हवा तेवढा वाढत नाही आणि 'सगळं ठीक आहे' असं वाटतं. डक्टच्या सरळ भागात पिटॉट ट्यूबने वेग मोजा. तेही नसेल तर ब्लोअरच्या मोटरचे ॲम्पिअर रोज लिहा. सेंट्रिफ्युगल ब्लोअरचा फ्लो घटला की करंट साधारणपणे उतरतो. ड्रॉप चढतोय आणि करंट उतरतोय, ही जोडी दिसली की वाट अडलेली आहे असं समजा.

पायरी दुसरी: कॉलमची जन्मपत्रिका बनवा

नवीन कॉलम चालू करताना किंवा पॅकिंग बदलल्यावर पहिल्याच दिवशी हे करा. अर्धा दिवस जातो. प्रोसेस गॅस बंद, फक्त स्वच्छ हवा.

पंप बंद ठेवून पॅकिंग कोरडं असताना ब्लोअरचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) पाच-सहा टप्प्यांत उघडा, आणि प्रत्येक टप्प्याला हवेचा फ्लो आणि ड्रॉप लिहा. ही कोरडी रेषा. मग नेहमीच्या फ्लोवर पंप चालू करा, दहा-पंधरा मिनिटं स्थिर होऊ द्या, आणि तेच टप्पे पुन्हा घ्या. ही ओली रेषा. जमल्यास द्रव सव्वापट करून तिसरी रेषा घ्या.

लॉग-लॉग कागदावर मांडलं तर कोरडी रेषा जवळजवळ सरळ येते, चढ दोनच्या आसपास. ओली रेषा तिच्या वरून, आधी तिला समांतर जाते. जिथे ती वर वळायला लागते तिथे लोडिंग सुरू झालं. ब्लोअरमध्ये ताकद असेल तर पुढे फ्लडिंगपर्यंतही नेता येईल, पण त्यासाठी डेमिस्टर काढून ठेवा, आणि चिमणीखाली कुणाची मोटारसायकल उभी नाही ना ते बघा. (हे अनुभवाने सांगतोय. कॉस्टिक सोड्याचे थेंब पडलेली टाकी परत रंगवून द्यावी लागली होती.)

हा कागद लॅमिनेट करून कंट्रोल रूममध्ये लावा. पुढची सगळी निदानं त्याच्याशी ताडून होतात. जुन्या कॉलमला ही पत्रिका नसेल तर पुढच्या शटडाऊननंतर, सफाई झाल्यावर लगेच बनवा.

पायरी तिसरी: कागदावर फ्लडिंग कुठे आहे ते काढा

शेरवुड, शिपली आणि हॉलोवे यांनी १९३८ साली फ्लडिंगचे प्रयोग एका आलेखावर आणले. पुढे लेवा आणि एकर्ट यांनी त्यात प्रेशर ड्रॉपच्या रेषा घातल्या. आज आपण ज्याला जनरलाइज्ड चार्ट म्हणतो तो हाच. त्यातला फ्लडिंगचा भाग पाण्यासारख्या पातळ द्रवांसाठी मी असा वापरतो.

आधी फ्लो पॅरामीटर काढा:

फ्लो पॅरामीटर = (द्रवाचे ताशी किलो ÷ गॅसचे ताशी किलो) × वर्गमूळ (गॅसची घनता ÷ द्रवाची घनता)

मग त्यावरून फ्लडिंग अंक वाचा. फ्लो पॅरामीटर ०.०२ असेल तर अंक साधारण २.०, ०.०५ ला १.६, ०.१ ला १.२, ०.२ ला ०.७७, ०.५ ला ०.३८ आणि १ ला ०.२०. मधले आकडे अंदाजाने घ्या. चार्टची अचूकताही त्याहून फार जास्त नाही.

फ्लडिंगचा वेग = वर्गमूळ (फ्लडिंग अंक ÷ पॅकिंग फॅक्टर) × वर्गमूळ ((द्रवाची घनता − गॅसची घनता) ÷ गॅसची घनता)

वेग मीटर प्रति सेकंद, रिकाम्या कॉलमच्या छेदावर धरलेला. पॅकिंग फॅक्टर 'प्रति मीटर' या एककात. द्रवाची चिकटपणा दुप्पट झाली तर हा वेग तीन-चार टक्केच घटतो, त्यामुळे पाच-सात टक्क्यांच्या कॉस्टिकसाठी तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. घट्ट द्रवाला मात्र तसं करू नका.

पॅकिंग फॅक्टर म्हणजे ते पॅकिंग गॅसला किती आडवं येतं त्याचं माप. २५ मिमी सिरॅमिक राशिग रिंगला तो सुमारे ५२५, २५ मिमी सिरॅमिक सॅडलला ३००, प्लास्टिकच्या पॅल रिंगला २५ मिमीत १७०, ३८ मिमीत १३० आणि ५० मिमीत ८२ च्या आसपास. सप्लायर आपला आकडा देतो, तोच वापरा. पण तो या यादीपेक्षा फारच गोड दिसला तर टेस्ट डेटा मागा.

आता उदाहरण. ९०० मिमी व्यासाचा कॉलम, ३८ मिमी पीपी पॅल रिंग, पॅकिंगची उंची ३ मीटर. एचसीएलचे धूर घेऊन येणारी हवा ताशी ४००० घनमीटर, ४० अंशाला, घनता १.१२ किलो प्रति घनमीटर. फिरतं कॉस्टिक ताशी १२ घनमीटर, घनता १०५०.

गॅस ताशी ४४८० किलो, द्रव १२६०० किलो. गुणोत्तर २.८१. घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ ०.०३२७. फ्लो पॅरामीटर ०.०९२. फ्लडिंग अंक १.२ धरू. १.२ भागिले १३० चं वर्गमूळ ०.०९६, त्याला ३०.६ ने गुणलं की फ्लडिंगचा वेग साधारण २.९ मीटर प्रति सेकंद. कॉलमचं क्षेत्रफळ ०.६३६ चौरस मीटर, म्हणजे प्रत्यक्ष वेग १.७५. आपण फ्लडिंगच्या ६० टक्क्यांवर आहोत. उत्तम. नवीन डिझाइनला मी ६० ते ७० च्या मध्ये राहतो. ८० च्या वर कागदावर चालतं, प्लांटवर थोडा गाळ साचला की अंगाशी येतं.

ड्रॉप किती यावा? वेगवेगळ्या पद्धतींनी काढला तर इथे मीटरमागे २५ ते ३५ मिमी येतो, म्हणजे तीन मीटरला साधारण ७५ ते १०५ मिमी. ॲब्सॉर्बरसाठी मीटरमागे १५ ते ५० मिमी ही सर्वमान्य कामाची मर्यादा आहे, त्यात बसतो. फ्लडिंगच्या क्षणी ड्रॉप किती असेल, यासाठी किस्टर आणि गिल यांचं १९९१ चं छोटं सूत्र फार उपयोगी पडतं. त्यात फक्त पॅकिंग फॅक्टर लागतो. आपल्या रिंगला ते मीटरमागे १२५ मिमीच्या आसपास देतं. म्हणजे या कॉलमवर ३०-३५ च्या जागी मीटरमागे ७०-८० दिसायला लागले तर फ्लडिंगला अजून अवकाश आहे असं म्हणून गप्प बसू नका. शेवटचा टप्पा फार झटकन सरतो.

हाच हिशेब दोनदा उलटा फिरवून बघा, म्हणजे कुठला व्हॉल्व्ह किती महागात पडतो ते कळेल. 'वास येतोय, पाणी वाढव' म्हणून कुणी द्रव ताशी २४ घनमीटर केला, तर फ्लो पॅरामीटर ०.१८ होतो, फ्लडिंगचा वेग २.४ वर उतरतो, आणि तोच कॉलम ७३ टक्क्यांवर जातो. मीटरमागचा ड्रॉप ४० ते ५० होतो. फ्लडिंग नाही, पण राखीव जागा संपत आली.

दुसरा प्रयोग एका कारखान्यात प्रत्यक्ष झालेला. शटडाऊनमध्ये पॅल रिंग वेळेवर मिळाल्या नाहीत. स्टोअरमध्ये २५ मिमी सिरॅमिक राशिग रिंगांची पोती पडून होती. 'रिंग ती रिंग' म्हणून तीच भरली. कॉलम चालू केला तर पाच मिनिटांत चिमणीतून कारंजं. वरचं सूत्र लावून बघा: ५२५ फॅक्टरला फ्लडिंगचा वेग येतो १.४६, आणि गॅस चालला होता १.७५ ने. ब्लोअर बदलून, पंप बदलून, काहीही करून तो कॉलम चालला नसता. चौकशी करायला गेलो तेव्हा फिटरकाका म्हणाले, "साहेब, मी विचारलं होतं, साईज वेगळी दिसते म्हणून." त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

पायरी चौथी: पंप बंद करून बघा

आता मूळ फोनकडे येऊ. चालू कॉलमचा ड्रॉप वाढलाय. गाळाने चोंदलाय, की द्रवामुळे फ्लड होतोय? ही एक चाचणी उत्तर देते, आणि ती करायला पैसे लागत नाहीत.

प्रोसेस थांबवा, रिॲक्टरकडून येणारा गॅस बंद करा. हे वगळून चाचणी करू नका, कारण पंप बंद असताना जे आत जाईल ते तसंच चिमणीतून शेजारच्यांच्या नाकात जाणार. स्वच्छ हवा ओढत ब्लोअर चालू ठेवा. पंप बंद करून पॅकिंग पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. मग फ्लो आणि ड्रॉप मोजा, आणि जन्मपत्रिकेतल्या कोरड्या रेषेवर ठेवा. पूर्ण कोरडं झालेलं नसल्याने दहा-पंधरा टक्के जास्त येईल, ते सोडून द्या. फ्लो आधीपेक्षा वेगळा असेल तर वेगाच्या वर्गाने तो हिशेबात घ्या.

कोरडा ड्रॉपच वाढलेला असेल तर वाट घन पदार्थाने अडली आहे: क्षार, गाळ, फुटलेलं सिरॅमिक, वितळून बसलेलं प्लास्टिक, चोंदलेला सपोर्ट. कोरडा ड्रॉप जुन्याइतकाच आणि ओला मात्र जास्त, तर दोष द्रवाच्या बाजूला: फेस, द्रव जास्त, वरून द्रव पसरवणारा डिस्ट्रिब्यूटर एकाच बाजूला ओततोय, किंवा खालचा निचरा अडलाय. पॅकिंगचा ड्रॉप दोन्ही वेळा ठीक असेल तर तिसऱ्या टॅपिंगकडे बघा, डेमिस्टर गेला.

पायरी पाचवी: गुन्हेगार शोधा

कोरड्या बाजूचा इथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पाण्याचा जडपणा. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, त्यावर चालणारे कॉस्टिक स्क्रबर वर्षानुवर्षं स्वच्छ राहतात. उन्हाळ्यात पाणीकपात आली, की टँकर येतो, आणि टँकर बहुधा बोअरचं पाणी आणतो. त्यातलं कॅल्शियम कॉस्टिकच्या पीएचला आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन रिंगांवर बसतं. मे महिन्यातल्या टँकरचा हिशेब ऑगस्टमध्ये ड्रॉपवर दिसतो, आणि तोवर टँकर कुणाच्या लक्षात नसतो. मेक-अप (भर घालायचं) पाणी सॉफ्टनरमधून घ्या. टँकर आलाच तर लॉगशीटवर तारखेसह लिहा.

हा थर सौम्य ॲसिड फिरवून निघतो. पण आधी टाकीतलं कॉस्टिक पूर्ण काढून धुवून घ्या, ॲसिड पातळ ठेवा, आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस वर येणार हे धरून हळूहळू घाला. सल्फाइड असलेल्या द्रवाच्या कॉलममध्ये ॲसिड घालणं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड तयार करणं. तिथे हा मार्ग नाही.

सोडियम कार्बोनेटचं प्रकरण वेगळं. कॉस्टिकची तीव्रता वाढवून ठेवली आणि ब्लीड (थोडं जुनं द्रावण) काढलं नाही तर ते साठत जातं आणि थंडीच्या रात्री स्फटिक धरतं. ते गरम पाण्याने विरघळतं. मुंबईत थंडी ती काय, पण अंबरनाथला जानेवारीच्या पहाटे एक कॉलम याच कारणाने बसलेला पाहिला आहे.

सपोर्टकडे फार कमी लोक बघतात. पॅकिंगमध्ये ९० टक्के मोकळी जागा आणि त्याखाली भोकं पाडलेली सपाट प्लेट, मोकळी जागा ४० टक्के. म्हणजे फ्लडिंग आधी प्लेटवर होणार. रिंगा भोकांवर आडव्या बसल्या की उरलेलंही अर्धं जातं. मोठ्या द्रवप्रवाहाला नालीदार, गॅस वरच्या बाजूने सोडणारा सपोर्टच घ्या.

पीपीच्या रिंगा ८० अंशापर्यंत ठीक. क्वेंच (गॅस थंड करणारा फवारा) बंद पडून गरम गॅस आत शिरला तर खालच्या थरातल्या रिंगा मऊ होऊन वरच्या वजनाने चपट्या होतात. वरून मॅनहोल उघडून बघितलं तर सगळं नव्यासारखं दिसतं, फक्त पातळी वीतभर खाली गेलेली असते. ती वीत मोजा.

द्रवाच्या बाजूला आधी टाकीची पातळी बघा. कितीतरी 'फ्लडिंग' ही मुळात टाकीतलं पाणी गॅसच्या तोंडापर्यंत चढल्याची असतात. ओव्हरफ्लोची लाइन चोंदली, किंवा ब्लोअर वरून ओढत असताना ओव्हरफ्लोवरच्या पाण्याच्या सीलची उंची सक्शनपेक्षा कमी पडली, की पाणी बाहेर जायचं सोडून आत ओढलं जातं. सक्शन २०० मिमी असेल तर २५० मिमीचं सील काठावरचं झालं, मी ४०० पेक्षा कमी ठेवत नाही.

फेस ओळखायला टाकीतला द्रव अर्ध्या बाटलीत घेऊन जोरात हलवा. मिनिटभरात फेस बसला नाही तर तोच दोषी. ॲमाइन, सर्फॅक्टंट, सॉल्व्हंटचा अंश, काहीही कारण असू शकतं. डिफोमर तात्पुरता उपाय आहे, फेसाचं मूळ वरच्या प्रोसेसमध्ये शोधावं लागतं.

डिस्ट्रिब्यूटर बघायला दुसरं काही नको. गॅस बंद करा, मॅनहोल उघडा, पंप चालू करून बाहेरून टॉर्च मारा. एका बाजूला धबधबा आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या रिंगा दिसल्या, की ड्रॉपही कळला आणि वासही कळला.

चालू असताना फ्लड झाला तर

आधी गॅस कमी करा, पाणी नाही. घाबरलेला ऑपरेटर पहिल्यांदा पंपच बंद करतो. त्याने तुंबलेलं पाणी उतरतं खरं, पण मधल्या वेळात धूर तसाच बाहेर जातो. डॅम्पर आवळून ब्लोअर अर्ध्यावर आणा, रिॲक्टरवाल्यांना फीड थांबवायला सांगा, आणि द्रव नेहमीच्या फ्लोवर ठेवा. ड्रॉप उतरेपर्यंत थांबा. फ्लडिंगला जिथे चढला त्याच्या बराच खाली गेल्याशिवाय कॉलम मोकळा होत नाही, त्यामुळे डॅम्पर दोन रेघा आवळून लगेच परत उघडू नका. मोकळा झाल्यावर गॅस टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्याला ड्रॉप लिहा. तुम्हाला फुकटात ओली रेषा मिळते.

पॅकिंग भरताना

कॉलमचा व्यास रिंगेच्या किमान आठ-दहापट हवा, नाहीतर पाणी भिंतीला धरून उतरतं. प्लास्टिकच्या रिंगा कोरड्या ओतल्या तरी चालतात, सिरॅमिकच्या नाही. आधी कॉलम पाण्याने भरा आणि मग त्या हळू सोडा. वरून आपटलेल्या सिरॅमिकचा चुरा सपोर्टवर जाऊन बसतो, आणि नवा कॉलम पहिल्याच दिवशी म्हातारा होतो. प्लास्टिकवर वरून जाळी बांधा, नाहीतर फ्लडिंगच्या एका झटक्यात रिंगा डिस्ट्रिब्यूटरमध्ये. आत माणूस उतरवायचा असेल तर लाइन ब्लाइंड (प्लेट घालून बंद), ऑक्सिजनची तपासणी, परमिट आणि बाहेर पहारा. 'दोन मिनिटांचं काम आहे दादा' हे वाक्य कुणी म्हटलं तर काम तिथेच थांबवा.

भरून झाल्यावर पुन्हा दुसऱ्या पायरीचे आकडे घ्या, जुना कागद काढून नवा लावा. रिंगा पहिल्या काही आठवड्यांत खाली बसतात, त्यामुळे ऑर्डर देताना दोन पोती जास्तीची मागवा आणि पोत्यावर साईज जाड मार्करने लिहून ठेवा. स्टोअरमध्ये २५ आणि ३८ शेजारीशेजारी ठेवू नका.